लेख कुठे ठेवलाय?

दिवाळी अंकाचं काम नागपुरात भर उन्हाळ्यात सुरू होतं. मे महिना संपत आलेला असतो, नवतपा लागलेला असतो, पारा 45 च्या पुढे गेलेला असतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. नेमक्या त्याच दिवसांत लेखकांना विषय कळवायचे, आठवणी करायच्या, पहिले खर्डे मागवायचे. आमचा अंक लहान आहे, काही मित्रमैत्रिणींनी मिळून हौसेनं चालवलेला. संपादनाचं बरंचसं काम माझ्याकडे. माझी नोकरी बर्डीवर, घर सुभाषनगरला. लेखक मात्र कुठेकुठे विखुरलेले: सिरोंचा, अकोट, देवरी, पुणे, एक तर थेट मस्कतला. या सगळ्यांना एकत्र बसवायला आमच्याकडे ना कचेरी आहे, ना टेबल. तरी अंक दरवर्षी वेळेवर निघतो.

पूर्वी माणसं जागेवर असायची आणि लेख फिरायचा. लेखक यवतमाळला लिहायचा, लेख पाकिटातून नागपूरला यायचा, इथून जुळणीला जायचा, प्रूफ होऊन परत यायचा, कधी लेखकाकडे दुरुस्तीला जायचा आणि तिथेच अडकून पडायचा. आता उलट झालंय. लेख एका जागी असतो आणि माणसं जिथे असतील तिथून त्याच्यापर्यंत येतात. कोणी मेट्रोतून, कोणी शेतातल्या बांधावरून, कोणी दवाखान्याच्या बाकावरून. कुठूनही लिहिता येतं याचा मला लागलेला अर्थ हा. या सोयीचं मला मनापासून अप्रूप आहे. पण लेख एका जागी असतो म्हटलं की ती जागा कुणाची आणि तिची किल्ली कुणाकडे, हेही विचारावं लागतं. लिहिणारी माणसं हे फारसं विचारत नाहीत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला घेतलं.

ई-मेल तसा जुना. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठवला, तेव्हाच त्यांनी माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ॲटचं चिन्ह बसवलं. पण पुढे बराच काळ हे टपाल ठरलेल्या यंत्रावरच वाचायचं असायचं. ऑफिसचं टपाल ऑफिसात, विद्यापीठाचं विद्यापीठात. 4 जुलै 1996 रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं, आणि पत्रपेटी यंत्रातून निघून ब्राउझरमध्ये आली. आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते 15 ऑगस्ट 1995 ला, म्हणजे तेव्हा त्याला वर्षही झालं नव्हतं. मग 1 एप्रिल 2004 रोजी जीमेल आलं. बाकीचे 2 नाहीतर 4 एमबी जागा देत होते, त्यांनी एकदम 1 जीबी दिली.

लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनं हा आकडा फार महत्त्वाचा होता. तोवर पत्रपेटी भरली की जुनं पुसावं लागायचं. आता काहीच पुसायची गरज उरली नाही, आणि लोकांनी आपलं लिखाण स्वतःलाच मेल करून ठेवायला सुरुवात केली. मी अजूनही तेच करते. विषयाच्या ओळीत लेखाचं नाव आणि तारीख, आत साधा मजकूर, कसलीही सजावट नाही. अर्धवट कविता, अर्धा परिच्छेद, कुणाच्या तोंडून ऐकलेली एखादी म्हण, सगळं ड्राफ्टमध्ये. रात्री बाराला सुचलेलं वाक्य सकाळी बर्डीच्या स्टेशनावर उतरायच्या आधी दुरुस्त होतं. मोठमोठी लेखनाची ॲप्स येतात आणि जातात, पण मेलचा साधा ड्राफ्ट अजून माझा सगळ्यात भरवशाचा कागद आहे.

मराठीची गाडी मात्र बराच काळ दुसऱ्याच ठिकाणी अडली होती. धरमपेठेतल्या सायबर कॅफेत बसून इंग्रजी पत्र सहज जायचं, मराठी जायचं नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे फॉन्ट होते, सुंदर होते, छपाईला आजही आहेत. पण त्यांच्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही, तिथे तुमची कविता म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. त्यामुळे लेखाबरोबर फॉन्टही पाठवायचा, तो समोरच्यानं बसवायचा, आणि सायबर कॅफेवाला तर परक्या फाइल बसवू द्यायचाच नाही. म्हणजे अक्षरं यंत्राला बांधलेली होती. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या पहिल्याच आवृत्तीत, 1991 मध्ये, देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या होत्या. विंडोज 2000 बरोबर मंगल हा फॉन्ट आला. पण ते आपल्या हाती, म्हणजे फोनपर्यंत, पोचायला आणखी कितीतरी वर्षं गेली. मला विचाराल तर मराठी लेखकाला ‘कुठूनही’ हा शब्द युनिकोडनं दिला. ई-मेलनं दिला तो इंग्रजीला.

यात एक बारकावा आहे, संपादन करणाऱ्यानं माहीत करून घ्यावा असा. पडद्यावर एकसारखी दिसणारी दोन अक्षरं आतून वेगळी असू शकतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्य घ्या. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की नुक्ताचा ऱ येतो, त्याला हलन्त लावून य जोडला की झाला ऱ्य. पण काही साधनं साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून तोच आकार काढतात. डोळ्यांना फरक कळत नाही, शोध घेणाऱ्या यंत्राला कळतो. तुम्ही एका पद्धतीनं ‘दुसऱ्या’ शोधलंत तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेले सगळे हातातून निसटतात. ॲचं तेच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली 2008 मध्ये. त्याआधी, आणि सवयीनं त्यानंतरही, लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत आले. संपूर्ण अंकात ‘ॲ’ एकसारखा करायचा असेल तर दोन्ही रूपं शोधावी लागतात. मी शेवटच्या वाचनाआधी हे दोन शोध घेतेच घेते. दहा माणसांनी दहा फोनवर लिहिलेला अंक एका हातचा वाटावा, यासाठी इतकं करावंच लागतं.

मेलमधून संपादन करायचं म्हणजे मात्र एक वेगळी कटकट होती. लेख, लेख-सुधारित, लेख-अंतिम, लेख-अंतिम-नक्की अशा फाइल फिरायच्या आणि कुठली खरी हे कुणालाच कळायचं नाही. यावर तोडगा निघाला 2005 मध्ये, रायटली नावाच्या एका छोट्या साधनानं. ब्राउझरमध्येच लिहायचं, तिथेच ठेवायचं, दुसऱ्याला तिथेच बोलवायचं. मार्च 2006 मध्ये गूगलनं ते विकत घेतलं आणि त्याचं पुढे गूगल डॉक्स झालं.

दोघं एकाच वेळी एका परिच्छेदात लिहितात आणि तरी काही फाटत नाही, हे कसं होतं याचं मला फार दिवस नवल वाटे. मुळातली कल्पना एलिस आणि गिब्ज या दोन संशोधकांनी 1989 मध्ये मांडलेली आहे. प्रत्येक बदल हा ‘अमुक जागी अमुक अक्षर घाला’ किंवा ‘अमुक जागचं काढा’ अशा आज्ञेच्या रूपात जातो. मी पहिल्या ओळीत पाच अक्षरं वाढवली आणि त्याच क्षणी पुण्याच्या मैत्रिणीनं चाळिसाव्या जागेवरचा स्वल्पविराम काढला, तर माझ्याकडे तिची आज्ञा पोचताना चाळीसचे पंचेचाळीस होऊन पोचते. माझ्या बदलाला जागा करून देऊन तिचा बदल येतो. संपादनाची रीतही अशीच असावी असं मला वाटतं. समोरच्यानं काय लिहिलंय ते आधी लक्षात घ्यायचं, मग आपलं घालायचं.

म्हणून आमच्या अंकात एक नियम कडक आहे. दुसऱ्याच्या लेखात थेट हात घालायचा नाही, सूचनेच्या मोडमध्येच बदल करायचे. काढलेला शब्द खोडलेला दिसतो, घातलेला रंगात दिसतो, शेजारी नाव आणि वेळ. लेखकानं स्वीकारलं तर ते मजकुरात मिसळतं, नाकारलं तर निघून जातं. जुन्या छापखान्यातल्या प्रूफावर समासात लाल शाईनं खुणा असायच्या, त्यांच्यात हा मोकळेपणा होताच. मधल्या काळात, संगणकावर संपादक सरळ खोडून नवं लिहू लागले, तेव्हा तो हरवला होता. लेखकाला छापून आल्यावर कळायचं की आपलं वाक्य बदललंय. आता तसं करायला काही सबबच उरलेली नाही. शिवाय आवृत्तींचा इतिहास असतोच. गेल्या वर्षी एका लेखिकेनं चिडून अर्धा लेख पुसला आणि चार दिवसांनी फोन केला, ‘ताई, तो भाग चांगला होता का गं?’ तो भाग तिथेच होता, तारीखवार. आम्ही दोघींनी तो पुन्हा वाचला. त्यातला निम्मा परत आला.

फोनवर काय करावं आणि काय करू नये, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. सुभाषनगरला मेट्रोत बसलं की अंबाझरी तलाव उजेडात येऊन जातो, मग एलएडी चौक, शंकरनगर, झाशी राणी, आणि बर्डी. एवढ्या वेळात एक लेख एकदा नीट वाचून होतो. लहान पडद्यावर लांब वाक्य चटकन उघडं पडतं. ते पडद्याच्या पलीकडे जातं आणि तुमची दमछाक होते. म्हणून लय तपासायला, विरामचिन्हं लावायला, दोनदा आलेला शब्द पकडायला फोन उत्तम. परिच्छेद हलवायचे, लेखाची सुरुवात बदलायची, शेवट कापायचा, तर मोठाच पडदा हवा, नाहीतर सरळ कागद. लेखाचा अख्खा आकार एका नजरेत यावा लागतो. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसून मी एक दीर्घकथा वाचत होते. स्वल्पविराम लावण्याचं काम त्या रात्री मला सोबतीसारखं झालं. कथेचा शेवट बदलावा असं मात्र वाटलं ते घरी आल्यावर, छापील प्रत हातात घेतल्यावर.

या साधनांनी सगळ्यात जास्त काय दिलं असं विचाराल तर मी सिरोंच्याच्या सरांचं नाव घेईन. नाव म्हणजे आम्ही त्यांना सरच म्हणतो. निवृत्त शिक्षक, प्राणहिता आणि गोदावरी भेटतात त्या भागातले. त्यांची बोटं आता थरथरतात, टाइप करणं जमत नाही. 2017 मध्ये गूगलनं मराठी बोलून लिहिण्याची सोय आणली, आणि काही काळानं त्यांच्या नातीनं ती त्यांच्या फोनवर चालू करून दिली. सर बोलतात, फोन लिहितो. जो मजकूर येतो त्यात एकही पूर्णविराम नसतो. आठवणीत भरलेली नदी वाहत येते आणि कुठे थांबायचं ते कळत नाही. पहिल्या लेखात मी माझ्या मनानं विराम लावले आणि वाचलं तर तो सरांचा आवाजच वाटेना. मग त्यांना विनंती केली की मजकुराबरोबर त्याचं ध्वनिमुद्रणही पाठवा. आता मी ते ऐकते आणि सर जिथे श्वास घेतात तिथे टिंब देते. कुठे ते मध्येच हसतात, तिथे नवा परिच्छेद.

सिरोंच्यात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. तरी सरांचा मजकूर पोचतो, कारण मजकूर हलका असतो. युनिकोडचं यूटीएफ-8 म्हणून जे रूप जगभर चालतं, त्यात देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. ‘स्त्री’ हा एक शब्द आतून सहा घटकांचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. म्हणजे 18 बाइट. इंग्रजीच्या मानानं हे जड वाटतं, पण 2000 शब्दांचा अख्खा मराठी लेख साध्या मजकुरात 40 केबीच्या आसपास बसतो. फोननं काढलेला एक फोटो याच्या शंभरपट असू शकतो. आणि ई-मेलची घडणच धीराची आहे. पुढचा सर्व्हर सापडला नाही तर मेल लगेच हार मानत नाही, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो, रीतीप्रमाणे चार-पाच दिवस. सरांच्या फोनच्या आउटबॉक्समध्ये पडलेला लेख रेंज आली की आपसूक निघतो. दूरच्या लेखकांना मी आवर्जून सांगते की हातानं लिहिलेल्या कागदाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, मजकूर मेलच्या अंगात चिकटवा. जोडलेली फाइल उघडेल न उघडेल, मेलचं अंग कुठल्याही फोनवर उघडतं.

आपल्याकडच्या बोलीचा एक मुद्दा आहे आणि त्याबद्दल मला कळकळ आहे. ‘काय करून राहिला?’, ‘मी येऊनच राहिलो’ ही आमची रोजची बोलायची तऱ्हा. वऱ्हाडी, नागपुरी, झाडीबोली ज्यांच्या लेखात येते त्यांच्या मजकुरात शुद्धिचिकित्सा लाल रेघा मारते आणि कळफलक पुढचा शब्द सुचवतो तो पुस्तकी. घाईत बोट लागतं आणि पात्राच्या तोंडचा शब्द बदलतो. पूर्व विदर्भातल्या तरुण लेखकांना मी सांगते की लिहिताना आपोआप दुरुस्ती बंदच ठेवा आणि आपले शब्द फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात घाला. एकदा घातले की फोन तेही सुचवायला लागतो. झाडीपट्टीतल्या एका मुलाच्या फोनला आता त्याच्या आजीची बोली येते.

शेवटची वाट अजून जुनीच आहे. नागपुरातल्या महाल भागात आमचा अंक लावणारा गृहस्थ आहे, पान बघून सांगतो की इथे एक ओळ विधवा राहतेय, म्हणजे परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेलीय. तो पानं लावायच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतो, ज्याची शेवटची आवृत्ती 2001 मध्ये आली आणि ज्याला युनिकोड कळत नाही. त्यामुळे आमचा सगळा मजकूर तिथे पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये उतरतो. उतरताना ऱ्य मोडतो, ॲ हरवतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. म्हणून प्रूफ या टप्प्यानंतरच वाचायचं, कितीही वेळा डॉक्समध्ये वाचून झालं असलं तरी. नव्या सॉफ्टवेअरवर जा असा आग्रह मी त्याला करत नाही. त्याच्या हाताला जे बसलंय त्यातून इतकी देखणी पानं निघतात.

आता किल्लीचं. जुन्या लेखकांच्या मागे ट्रंका राहायच्या. घरच्यांना कळो न कळो, कधीतरी कुणीतरी ती उघडायचं आणि वह्या निघायच्या. आजच्या लेखकाच्या वह्या ड्राफ्टमध्ये आहेत, डॉक्समध्ये आहेत, आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात. दोन वर्षं कुणी वापरलंच नाही तर वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं, असा गूगलचा नियम आहे आणि डिसेंबर 2023 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. माणूस गेल्यावर घरच्यांना सावरायलाच वर्ष जातं. याची सोय त्याच खात्यात आहे, 2013 पासून आहे, नाव इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर. खातं किती दिवस शांत राहिलं की कळवायचं ते ठरवता येतं, 3 महिन्यांपासून 18 महिन्यांपर्यंत, आणि कुणाला कळवायचं, कुणाला काय द्यायचं, हेही. 10 जणांपर्यंत नावं देता येतात. शिवाय गूगलच्याच टेकआउट या सोयीतून आपलं सगळं लिखाण उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतं. यंदा लेख मागवताना मी प्रत्येक लेखकाला हे कळवलं. काहींना ते अभद्र वाटलं. मी तरी कळवलं, आणि पुढच्या वर्षीही कळवणार आहे.

सरांना वाटलं नाही. त्यांनी लगेच फोन लावला आणि आम्ही दोघांनी मिळून ते बसून केलं. ते वाचून दाखवायचे, मी कुठे बोट लावायचं ते सांगायची. नाव कुणाचं घालायचं यावर त्यांना विचार करावा लागला नाही, नातीचंच. मग म्हणाले, ‘ताई, पण ते झालं मी गेल्यावरचं. ती आत्ताच या लेखात येऊ शकते काय?’ लेख यंदाचाच, सिरोंच्याच्या घाटावरच्या बाजाराबद्दलचा, अजून अर्धा. मी तिला संपादनाची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी लेखात तिची पहिली सूचना आली होती: ‘आबा, आजी इथे टोपली घेऊन बसायची हे तुम्ही लिहिलंच नाही.’ मी त्यावर काही केलं नाही, सरांवर सोडलं. संध्याकाळपर्यंत त्या जागी एक नवा परिच्छेद आला, पूर्णविरामाशिवाय, आणि ध्वनिमुद्रण जोडलेलं.